फुले वसुधा पेरूनही रब्बी ज्वारीचे उत्पादन पुस्तिकेत लिहिल्याएवढे का येत नाही?

आपली मंगळवेढ्याकडे अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे, गेली दोन वर्षे आपण ज्वारीचा मालदांडी वाण सोडून फुले वसुधा हा नवा वाण पेरला, आणि कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत २५ क्विंटलच्या पुढचा आकडा असताना आपल्याला एकरी चारच क्विंटल मिळाले. तेव्हा हे संशोधन नेमके कोणाच्या शेतासाठी केलेले असते, असे आपण विचारले आहे. कृषी पदवीनंतर माझी बरीच वर्षे कोरडवाहू पिकांच्या प्रयोगांची मोजमापे घेण्यात गेली आणि घरीही ज्वारी असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब नीट लावू. पुस्तिकेतला आकडा हेक्टरी असतो आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. हेक्टरी २५ क्विंटल म्हणजे एकरी १० क्विंटल. उलट आपले एकरी चार म्हणजे हेक्टरी १०. तरीही तफावत मोठीच राहते, हे मान्य. पण आपण जमिनीविषयी जाता जाता लिहिले आहे की ती ‘काळी आहे, पण हात-दीड हातावर मुरूम लागतो’. माझ्या मते उत्तर त्या अर्ध्या वाक्यातच आहे.

रब्बी ज्वारी पेरल्यानंतर पडणाऱ्या पावसाच्या भरवशावर वाढत नाही. परतीचा पाऊस थांबतो त्या वेळी मातीत जी ओल साठलेली असते, तिच्यावरच तिला पुढचे साडेतीन ते चार महिने काढायचे असतात. काळ्या चिकण मातीच्या दर सेंटिमीटर खोलीत पिकाला घेता येईल असे पाणी ढोबळमानाने दीड ते दोन मिलिमीटर राहते. म्हणजे ९० सेंटिमीटर खोल जमिनीत साधारण १३५ ते १८० मिलिमीटर पाणी शिल्लक असते, ४५ सेंटिमीटरच्या जमिनीत त्याच्या निम्मे, आणि मुरमाड माळावर त्याहूनही कमी. एक मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर, हे लक्षात घेतले तर बांधाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शेतात केवढे अंतर पडते ते कळेल. आभाळातून दोघांवर सारखाच पाऊस पडलेला असतो; साठवण्याची जागा मात्र सारखी नसते.

म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारस जमिनीच्या खोलीनुसार केली आहे. ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, आणि त्याहून खोल, भारी जमिनीसाठी फुले वसुधा. फुले वसुधा ११५ ते १२० दिवसांत तयार होते, अनुराधा १०५ ते ११० दिवसांत. हे दहा-बारा दिवसांचे अंतर कागदावर क्षुल्लक वाटते. पण दाणा भरण्याच्या वेळी मातीत ओल उरलेली आहे की नाही, हे नेमके त्याच दिवसांत ठरते. हलक्या जमिनीत अनुराधाचे अपेक्षित उत्पादनच हेक्टरी ८ ते १० क्विंटल आहे. त्या मोजपट्टीने पाहिले तर आपली शेती वाईट झालेली नाही. भारी जमिनीच्या वाणाकडून मध्यम जमिनीत भारी जमिनीचे उत्पादन मागितले गेले, एवढेच झाले आहे.

ही चूक मी स्वतःही केली आहे, आणि तीही सगळे शिकून. घरच्या माळावरच्या तुकड्यात एका वर्षी हौसेने उशिरा पक्व होणारा वाण पेरला आणि भरपूर युरियाही दिला. दिवाळीपर्यंत ज्वारी अशी डोलत होती की येणारे-जाणारे थांबून पाहत. जानेवारीत कणसे लहान राहिली आणि ताटे बुडातून मोडून आडवी पडू लागली. मोडलेले ताट चिरले की आतला गाभा गळालेला आणि उरलेल्या धाग्यांवर कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके. हाच खडखड्या रोग. त्याची बुरशी मातीत असतेच. फुलोऱ्यानंतर पिकाला पाण्याचा ताण पडला की ती मुळांतून खोडात शिरते. नत्र जास्त आणि झाडांची दाटी असेल तर पीक सुरुवातीलाच पाणी उधळून बसते आणि रोगाला वाट मोकळी होते. ती लागण मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती.

मालदांडीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपण तिला ‘जुने बियाणे’ म्हटले आहे. मालदांडी ३५-१ हेही संशोधनाचेच फळ आहे. १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवड करून हा वाण काढला गेला, आणि त्याच दशकात, १९३३ साली, सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्राचे काम सुरू झाले. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या संकरित वाणाने खरीप ज्वारीचे चित्र बदलले, पण रब्बीत संकरित वाणांना तसे यश मिळाले नाही. खोडमाशी (कोवळ्या रोपाचा पोंगा, म्हणजे मधला कोंब, मारणारी कीड), थंड रात्री, सरत जाणारी ओल आणि भाकरीची चव या सगळ्या परीक्षांना एकदम उतरणे सोपे नाही. मालदांडीचा टपोरा, मोत्यासारखा दाणा आणि जनावरे आवडीने खातात तो कडबा, यांची किंमत धरली तर नुसत्या धान्याच्या क्विंटलांवरून वाणांची तुलना करणे मला अपुरे वाटते. आपणही कडब्याचा आकडा दिलेला नाही. तो धरून हिशेब पुन्हा करावा.

आता प्रयोगाच्या आकड्याकडे वळतो. प्रयोगात प्रत्येक वाण लहान वाफ्यात, तीन-चार ठिकाणी पुन्हा पुन्हा पेरतात. कडेचे तास, म्हणजे कडेच्या ओळी, सोडून मधल्या भागाची कापणी होते आणि ते वजन हेक्टरी प्रमाणात मांडले जाते. त्यात वेळेवर पेरणी, एकसारखी विरळणी आणि राखण या गोष्टी गृहीत असतात. शिवाय लहान तुकड्याच्या मापात चूक शिरते ती वेगळीच. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणीच्या पाहण्यांवरून दाखवून दिले होते की फार लहान तुकडे मोजले तर सीमेवरची झाडे आत धरली जातात आणि उत्पादन फुगून दिसते. प्रयोगाचा आकडा खोटा नसतो. तो एका विशिष्ट जमिनीचा आणि निगराणीचा आकडा असतो, आणि पुस्तिका वाचताना आपण शेजारचा जमिनीचा रकाना सोडून देतो.

यंदा काय करावे? पाऊस मुरल्यावर शेतात चार-पाच ठिकाणी पहार ठोकून किंवा खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते मोजा. एकाच गटात वरचा भाग हलका आणि ओढ्याकडचा भारी असणे नेहमीचे आहे. मग भागानुसार वाण ठरवा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करा. त्याआधी पेरल्यास खोडमाशीने पोंगे मरतात, उशीर केल्यास ओल हाती राहत नाही. ऑगस्टमध्येच शेतात लहान वाफे पाडून पाणी जागच्या जागी मुरवले तर त्याचा उपयोग कोणत्याही खतापेक्षा जास्त होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. हेक्टरी १० किलो बियाणे पुरते. खत दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) पेरणीबरोबरच बियाण्याखाली पडू द्या, कारण नंतर कोरड्या मातीवर टाकलेला युरिया मुळांपर्यंत जातच नाही. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करा, म्हणजे ओळींमधली माती कोळप्याने हलवून तण काढा. शेवटची दातेरी कोळप्याने केली तर भेगा बुजतात आणि त्यांतून उडणारी वाफ थांबते.

मालदांडी आणि नव्या वाणाची तुलना करायची असल्यास अर्धे शेत याला आणि अर्धे त्याला असे देऊ नका, त्यात जमिनीचा फरकच मोजला जाईल. दोन्हींचे पट्टे आलटून पालटून तीन-तीन वेळा घ्या, कडेचे तास सोडा, आणि प्रत्येक पट्ट्याचे धान्य व वाळलेला कडबा वेगवेगळा तोलून वहीत लिहा. तो तक्ता इथे टाकलात तर आकडेमोडीला मी मदत करीन.