खो-खो की कबड्डी? माझं उत्तर पक्षपातीच असणार

तुमचा प्रश्न असा : मुलगी अकरा वर्षांची, शाळेत खो-खो आणि कबड्डी दोन्ही आहेत, पण सराव एकाच वेळी, म्हणून एकच निवडायचा. वर तुम्ही लिहिलंय, "दोन्ही मातीतलेच खेळ, काय फरक पडतो?" पडतो. मी नऊ वर्षं खो-खो खेळलो, पुढे बरीच वर्षं पोरांना शिकवला, आणि कबड्डी मला आवडत नाही. तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबानेच वाचा.

आधी माझा राग कुठून आला ते सांगतो. मी परळचा. आमच्याकडे रात्री हॅलोजन लावून कबड्डीचे सामने व्हायचे, अख्खी चाळ गॅलरीत उभी. मी मात्र संध्याकाळी दादरला खो-खोला जायचो. परत येताना नाक्यावरची पोरं हमखास विचारायची, "काय रे, आज सागरगोटे पण खेळलात का?" खो-खो म्हणजे पोरींचा खेळ, हे आमच्या चाळीत ठरूनच गेलं होतं. त्यामुळे माझी नावड कबड्डीवर किती आणि त्या पोरांवर किती, हे मला आजही नीट वेगळं काढता येत नाही.

एक तक्रार मात्र खेळाबद्दलच आहे. कबड्डीत आघाडी मिळाली की खेळ थंड करता येतो. शेवटची पाच मिनिटं उरलीत, सात-आठ गुणांची आघाडी आहे. चढाईला गेलेला गडी 'निदानरेषा' म्हणजे समोरच्यांच्या अंगणातली जिथवर जावंच लागतं ती रेघ तेवढी ओलांडतो, दोन-चार वेळा हात फिरवतो, तीस सेकंद संपत आले की मागे फिरतो. समोरचेही उगाच अंगावर येत नाहीत. लागोपाठ दोन चढाया अशा कोरड्या गेल्या तर तिसरीत गुण घ्या नाहीतर बाद व्हा, असा नियम त्यावर उतारा म्हणून आहे. बरं झालं, पण म्हणजे तीनातल्या दोन अजूनही फुकट घालवता येतातच. पूर्वी हुतूतू म्हणायचे तेव्हा निदान दम होता, श्वास संपला की परतायचंच. आता घड्याळ बघून परततात.

खो-खोत वेळ काढायचा तर पळावं लागतं. दुसरी सोयच नाही. जुन्या पद्धतीत नऊ मिनिटांची पाळी, पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येणार, आणि त्यांच्यामागे नऊ जण : आठ चौकोनात बसलेले, एक धावणारा. पळणारा बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे जाऊ शकतो, पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग असते तो पट्टा, ओलांडायची नाही आणि एकदा धरलेली दिशा टोकाच्या खांबापर्यंत सोडायची नाही. एवढी बंधनं असूनही एखादा गडी तीन मिनिटं टिकला तर दुसऱ्या दिवशी पेपरात '३.१० मि. संरक्षण' असं त्याच्या नावापुढे येतं, आणि त्या आकड्यासाठी त्याची छाती किती फुटली असेल ते खेळलेल्यालाच कळतं.

पण माझा जीव पळण्यापेक्षा बसण्यात होता. लोकांना वाटतं बसलेले आठ जण आराम करतात. तुम्ही चौकोनात उकिडवे, बोटं जमिनीला टेकलेली, वजन पुढच्या चवड्यावर. तोंड एकीकडे, शेजाऱ्याचं दुसरीकडे. अर्धा खेळ तुमच्या पाठीमागे चाललाय आणि मान वळवून तो पुरता दिसत नाही, म्हणून तुम्ही पावलं ऐकता. आपल्या गड्याची पावलं जड, पळणाऱ्याची हलकी. पळणारा समोरून गेला, हाताच्या अंतरावर, आणि तुम्ही उठायचं नाही. खो मिळाल्याशिवाय उठलात की शिट्टी. मग पाठीवर थाप पडते, कानात 'खो' येतो, आणि त्या क्षणाला दोन पावलात पूर्ण वेग. आमचे सर म्हणायचे, खो ऐकून उठलास तर उशीर झाला, खो येतानाच उठायला तयार हवास. हे मला जमायला दोन वर्षं लागली.

आता कबड्डीच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एकांगी आहे. कबड्डी १९९० पासून आशियाई खेळांत आहे, २०१४ पासून प्रो कबड्डी आहे. खेळून पोट भरेल असा रस्ता तिथे आधी तयार झाला. आमची अल्टिमेट खो-खो लीग २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झाली, म्हणजे आठ वर्षं मागे. टीव्हीवरही कबड्डी पटकन कळते, खो-खो नवख्याला नुसता गोंधळ वाटतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा माझ्या बायकोने पहिली दहा मिनिटं "आता कोण कोणाला धरतंय?" एवढंच विचारलं. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनीही नेपाळलाच. दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. मला नाक्यावरची ती पोरं आठवली. आता तीही साठीला आली असतील.

दुखापतीचं विचारलंत. कबड्डीत घोटा नि गुडघा दुसऱ्याच्या हातात असतो, चार जण अंगावर पडतात. खो-खोत दुखापत बहुतेक आपली आपणच करून घेतो. मी एकदा सूर मारताना हनुवटी खांबावर आपटली, चार टाके. दाढी ठेवतो ती त्यामुळेच. मॅटवर कोपरं सोलत नाहीत, हे मात्र मान्य.

निवडताना मुलीकडे बघा. घरी भावंडाशी भांडण जुंपलं की ती हूल देऊन सटकते की समोरच्याचा हात घट्ट धरते? धरणारी असेल तर मी काहीही म्हणालो तरी कबड्डीलाच घाला, तिथे तिचं सोनं होईल. सटकणारी असेल तर खो-खो. तिथे पहिला महिनाभर ती रोज घरी येऊन सांगेल, "आज नुसतं बसायलाच शिकवलं." तेव्हा सरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका.