कॉलेजमधूनच युरोपला एक सेमिस्टर, जमतं का?

प्रश्न : मुलगी विलेपार्ल्याच्या कॉलेजात एस.वाय. बीएस्सीला आहे. तिला युरोपात एक सेमिस्टर शिकायला जायचंय, इरॅस्मस म्हणतात ते. एजंटने पॅकेज सांगितलंय. पैसे भरू का? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, एजंटला आत्ता एक रुपयाही देऊ नका. इरॅस्मस म्हणजे युरोपियन युनियनची विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची, म्हणजे एक्स्चेंजची योजना, आता त्यात भारतातली मुलंही जातात, पण एक्स्चेंज होतं ते दोन संस्थांमधल्या करारावर, म्हणजे तिच्या कॉलेजचा किंवा युनिव्हर्सिटीचा तिकडच्या युनिव्हर्सिटीशी करार असेल तरच, आणि अर्जही इथूनच जातो, निवडही इथेच होते. करार असेल तर तिकडची ट्यूशन फी लागत नाही. म्हणून आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलमध्ये जाऊन बसा, आणि तिकडचे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या अभ्यासाचं मोजमाप, इथे धरणार का ते लेखी घ्या, हे फार महत्त्वाचं, नाहीतर पोरीचं वर्ष अडकतं. युरोपात एका वर्षाला 60 क्रेडिट, सेमिस्टरला साधारण 30.

करार नसेल तर? मला विचाराल तर डिग्री होऊ द्या आणि इरॅस्मस मुंडस या त्याच योजनेतल्या मास्टर्सला अर्ज करा, टी.वाय.ला असतानाच करता येतो. किमान दोन देशांत शिक्षण, स्कॉलरशिप मिळाली तर फी माफ आणि महिन्याला 1,400 युरो. चुरस जबरदस्त आहे हो, पण आपल्या साध्या घरातल्या मुलींनी हे भरलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत असतात. पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा.