परस्पर संमतीने घटस्फोट घेताना नोटरीकडचा कागद पुरतो का? फ्लॅट आणि मुलीच्या पोटगीचं काय?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापासून मुलीला घेऊन कोथरूडला माहेरी आहात, नवरा हडपसरच्या फ्लॅटवर राहतो आणि मुलगी चार वर्षांची आहे. भांडण न करता मोकळं व्हायचंय, पण सासरे म्हणतात, कोर्टकचेरी कशाला, नोटरीकडे लिहून टाकू. मी वकील नाही. २०१९ मध्ये शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून याच वाटेने गेले आणि तेव्हा केलेली एक चूक पुढे दोन वर्षं निस्तरत बसले.

आधी सासऱ्यांचं. स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या, नोटरीचा शिक्का मारला, म्हणून हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण वाद झाला तर ती रूढी सिद्ध करावी लागते. तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसत नाही. तेव्हा त्या कागदाच्या भरवशावर उद्या कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्नच रद्दबातल.

आता कोर्टात थांबाव्या लागणाऱ्या सहा महिन्यांबद्दल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली, म्हणजे परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, अर्ज करायला एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर पुन्हा सहा महिने थांबायचं, मग दुसरी तारीख. २०१७ मध्ये अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही मुदत माफ करता येते. त्यासाठी पहिल्या तारखेच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न संपलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे आपसात मिटलेलं हवं. म्हणून दीड वर्षाला दोनचार आठवडे कमी पडत असतील तर तेवढं थांबूनच दाखल करा. माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवतात. आम्हाला मिळाली.

आता माझी चूक. कोर्टात तुम्हाला विचारतात ते इतकंच: स्वखुशीने करताय ना, दबाव नाही ना, अटी समजल्यात ना. समुपदेशकांशी बोलणं धरूनही प्रत्यक्ष बोलायचा वेळ थोडाच, बाकी सगळा बाकड्यावर बसून पुकाऱ्याची वाट बघण्यात जातो. (गाडी आणू नका, मेट्रोने जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरा.) खरं काम त्याआधीच होतं, ‘कन्सेंट टर्म्स’, म्हणजे दोघांनी आपसात ठरवलेल्या अटी, लिहिताना. माझ्या टर्म्समध्ये एक ओळ होती: ‘पती सदनिकेतील आपला हिस्सा पत्नीच्या नावे करून देईल.’ कधी, कोणत्या दस्ताने, खर्च कुणाचा, उरलेलं कर्ज कोण फेडणार, काहीच नाही. निकाल लागला, पेढे नाही पण बर्फी वाटली आईने, आणि त्यानंतर गृहस्थ बदली होऊन बंगळुरूला गेले. बँकेचं म्हणणं सरळ होतं: तुमचा घटस्फोट झाला असेल, आमच्या कागदावर दोघंही कर्जदार आहात. हप्ता चुकला की फोन मला.

त्यातही एक गोष्ट मला फार उशिरा कळली. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर महापालिका हद्दीतले अधिभार वेगळे. निकालानंतर तुम्ही नवरा-बायको उरत नाही, मग ही सवलतही उरत नाही. म्हणजे फ्लॅट तुमच्याकडे यायचा ठरला असेल तर बँकेची संमती घेऊन दस्त निकालाच्या आधी नोंदवा. निकाल लागेपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे आधी दस्त करून द्यायला तुमचे मिस्टर कचरतील, आणि त्यात त्यांचं चूक नाही. दस्त शेवटच्या तारखेच्या आठवड्यात ठेवा, ठरलेल्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट त्याच तारखेला हातोहात. आणि हो, आपल्याकडे घटस्फोटात मालमत्ता निम्मी-निम्मी वाटायचा कायदा नाही. कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले, यावरच सगळं फिरतं.

दागिन्यांचं थोडक्यात: ते स्त्रीधन, तुमचंच. पण ‘सर्व दागिने मिळाले’ या वाक्यावर लॉकर उघडून बघितल्याशिवाय सही करू नका. वजनासकट यादी जोडा.

मुलीचं जास्त सांगते. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, पुढेही कोर्ट मुलाचं हितच बघतं. भेटींच्या बाबतीत ‘सोयीनुसार’ हा शब्द टर्म्समध्ये येऊ देऊ नका. कुठला शनिवार, दिवाळीची सुट्टी कशी, गणपतीत कुठे, परगावी न्यायचं तर किती दिवस आधी सांगायचं, हे लिहा. पासपोर्टसाठी एरवी आईवडील दोघांच्या सह्या लागतात, त्याचीही ओळ घाला. ‘मला काही नको, फक्त सुटका हवी’ असं तुम्ही लिहिलंय. स्वतःपुरतं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मुलीची पोटगी सोडायचा अधिकार तुमचा नाही, तो तिचा हक्क आहे. आकडा लिहाल तेव्हा दरवर्षीची वाढ आणि शाळेची फी वेगळी लिहा. आज पुरेशी वाटणारी रक्कम ती सातवीत जाईपर्यंत चिल्लर होते.

दोघांत एकच वकील चालतो का, असंही विचारलंय. चालतो, पण टर्म्स सही करण्याआधी स्वतःच्या वेगळ्या वकिलाला दाखवा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

निकालाच्या प्रमाणित प्रती तीन-चार एकदमच मागा. मी एकच घेतली होती आणि ती बँकेत देऊन बसले.