आधी नळ बघ, खाटा नंतर

प्रश्न : मी एमबीबीएस आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातली बंधपत्राची १ वर्षाची सेवा संपली. पीजीची नीट दोनदा दिली, हवी ती शाखा मिळाली नाही. आता माहेरच्या तालुक्याच्या गावी दवाखाना काढायचं ठरवलं आहे. बाबा म्हणतात, काढायचाच तर १० खाटांचं हॉस्पिटल काढ, २० लाखांचं कर्ज मिळतंय. मला नुसती ओपीडी करावीशी वाटते. कागदपत्रं काय लागतील? औषधं स्वतः दिली तर चालतात का? आणि ‘ही डॉक्टरीण सुई देत नाही’ म्हणून पेशंट तुटले तर काय करू?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. सांगोल्यात मी १९९२ पासून दवाखाना चालवते आहे.

खाटा टाकू नकोस. निदान पहिली तीन वर्षं तरी नको. दवाखाना काढल्यावर दुसऱ्याच वर्षी मी पतसंस्थेचं कर्ज काढून मागच्या दोन खोल्यांत ६ खाटा टाकल्या होत्या. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला. महिना संपत आला की पेशंट समोर बसलेला असतानाही माझं लक्ष मागच्या रिकाम्या खाटांकडे असायचं. एकदा खुरपणीला जाणारी एक बाई जुलाब होतात म्हणून आली. जीभ ओली, नाडी चांगली, पाणी पोटात ठरत होतं. ओआरएस देऊन घरी पाठवण्यासारखीच होती. मी तिला दोन दिवस सलाईनवर ठेवलं. बिल भरायला तिच्या नवऱ्यानं शेळी विकली, हे कंपाउंडरनं मला आठवड्यानं सांगितलं. पैसे मी परत पाठवले, पण दुभती शेळी गेली ती गेलीच. ते कर्ज फिटायला पाच वर्षं लागली. फिटलं त्याच महिन्यात खाटा काढून टाकल्या. हे सगळं बाबांना वाचायला दे. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं गेल्या वर्षी ४ लाखांत चांगली ओपीडी उभी केली आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू हवी. ती दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात. पेशंट दाखल करणार असशील तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी आली, नुसत्या ओपीडीला ती लागत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम मात्र एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घे, कचरा नेणाऱ्या संस्थेशी करार कर. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत. झाडणाऱ्या मावशीच्या हाताला सुई टोचली तर ती जबाबदारी तुझी. व्यवसायकर वर्षाला २,५०० रुपये. उपचाराच्या फीवर जीएसटी नाही.

औषधं स्वतःच्या पेशंटला देता येतात, त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. पण दुकान मांडून दुसऱ्याच्या चिठ्ठीवर विकायची नाहीत. परवानाधारक विक्रेत्याकडूनच घे आणि बॅच नंबर असलेली बिलं जपून ठेव. माझं आणखी एक कळकळीचं सांगणं : बिननावाच्या पुड्या बांधू नकोस. रात्री अंगावर गांधी उठून पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर पांढरी गोळी, गुलाबी गोळी यापलीकडे त्याला काहीच सांगता येत नाही. प्रत्येकाच्या केसपेपरवर औषधाचं नाव लिही आणि तो कागद त्याच्या हातात दे.

आता सुईचं. पेशंट तुटतात, हे खरं आहे. खाटा काढल्यावर मीही विनाकारण सुई द्यायची नाही असं ठरवलं, तेव्हा आठ महिने रोज सहा-सातच पेशंट यायचे. त्या काळात मला एक गोष्ट कळली. माणसाला सुई हवी असते, कारण आपल्याला काहीतरी केलं असं त्याला वाटायला हवं असतं. मग मी पोटाला हात लावून तपासायला लागले, बीपी किती आहे ते आकड्यात सांगायला लागले, आणि निघताना म्हणायला लागले, “परवा दाखवायला या, फी नाही.” लहान मुलांच्या आया सगळ्यांत आधी टिकल्या. मग त्यांच्या सासवा आल्या.

कट, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल मिळणारं कमिशन, घेऊ नकोस. महिन्याभरात एखादा लॅबवाला पाकीट घेऊन येईलच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणात किती जीव वाचवले, हे तू शिकलीच असशील. पेशंट पाठवल्याबद्दल त्यांना १,२०० रुपयांचा चेक आला, तेव्हा त्यांनी २०१३ मध्ये थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली होती. मी लॅबवाल्याला एवढंच सांगते, “माझं जे असेल ते पेशंटच्या बिलातून कमी करा.” दोघे निघून गेले, तिसरा वीस वर्षं टिकलाय.

गाळा बघायला जाशील तेव्हा आधी तपासणीच्या खोलीत नळ आहे का, आणि दुपारी त्याला पाणी येतं का ते बघ. मग दार बघ. छतापर्यंत न पोचणारं प्लायवूडचं पार्टिशन चालणार नाही, कारण बोललेलं सगळं बाहेरच्या बाकावर ऐकू जातं. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे सांगायला बायका आधी दोन वेळा डोकं दुखतंय म्हणून येतात. तिसऱ्या वेळी दार नीट लागलं, तरच खरं सांगतात. तू बाई डॉक्टर आहेस, तुझ्याकडे त्या याचसाठी येणार आहेत.

ऑक्सिजन सिलिंडर, अँबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि औषधाची जीवघेणी रिअॅक्शन आली तर द्यायचं, मुदतीतलं अॅड्रेनालिन इंजेक्शन पहिल्या दिवसापासून हवं. सर्पदंशावरचं प्रतिविष (ज्याला लोक लस म्हणतात) जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असतं, ते उद्घाटनाआधी स्वतः जाऊन विचारून ये.

रजिस्ट्रेशन नंबर आणि फी, दोन्ही भिंतीवर लाव. दवाखाना सुरू होतोय एवढी साधी सूचना स्थानिक पेपरात देता येते. ती आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी दे, आणि बाजाराच्या दिवशी दवाखाना कधी बंद ठेवू नकोस.