वाचकांचे प्रश्न : चार डबे आणि एक टेप

प्रश्न : माझे वय २४ वर्षे, वजन ६२ किलो. सहा आठवड्यांपासून आठवड्यातून तीन दिवस जिमला जातो. स्क्वॉट २० किलोवरून ४० किलोवर गेला, पण दंडाचा घेर टेपने मोजला तर होता तेवढाच भरतो. ट्रेनरने व्हे प्रोटीन, मास गेनर, बीसीएए आणि क्रिएटिन असे चार डबे सुचवले आहेत. त्यांच्याशिवाय स्नायू वाढणार नाहीत का?

उत्तर : वाढतील. स्क्वॉटचा, म्हणजे पायांच्या व्यायामाचा, हिशेब दंडाकडे मागणे हा दंडावर थोडा अन्यायच आहे, पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी आपले काही बिघडलेले नाही. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. आधीपासून असलेलेच स्नायुतंतू मेंदू अधिक संख्येने आणि अधिक नेमकेपणाने कामाला लावू लागतो. टेपवर दिसण्याजोगा फरक पडायला बहुतेकांना दोन-तीन महिने लागतात, आणि नेमक्या त्याच काळात धीर सुटून माणूस डब्यांकडे वळतो.

स्नायूंच्या वाढीसाठी दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. त्यापुढे मात्रा वाढवून सरासरीने फारसा फायदा होत नाही. आपल्या बाबतीत हा आकडा साधारण १०० ग्रॅम येतो. तीन दिवस जे जे खाल ते मोजून लिहा आणि त्यातील प्रथिनांची बेरीज करा. ती ७५ ग्रॅमच्या आसपास भरली, तर उरलेली तूट व्हेच्या एका स्कूपने भरून निघते, कारण त्यात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. बेरीज जेवणातूनच १०० वर जात असेल, तर हा डबा आपल्या कामाचा नाही. व्हे म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिन, औषध नव्हे. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते घशाखाली गेलेच पाहिजे, ही घाईही अनाठायी आहे. दिवसभराची बेरीज अधिक महत्त्वाची.

मास गेनरचा डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि बहुतेक गेनरमध्ये वरच्या ओळींत माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेले झटपट पचणारे कर्बोदक, सापडते. भूकच कमी असलेल्या माणसाला त्याचा उपयोग होईल, पण तेवढ्या कॅलरी दोन घास जास्त जेवूनही मिळतात. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा; बीसीएएमध्ये नऊ आवश्यक अमिनो आम्लांपैकी तीनच असतात. त्यांतील ल्युसिन बांधकाम सुरू करण्याचा इशारा देते खरे, पण विटा नऊही प्रकारच्या लागतात, आणि त्या सगळ्या पुरेशा प्रथिनांच्या आहारात आलेल्याच असतात. हे दोन्ही डबे मी घेतले नसते.

क्रिएटिनचे, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवायला मदत करणाऱ्या पदार्थाचे, तसे नाही. या चौघांत ताकदीच्या व्यायामासाठी त्याचाच पुरावा सर्वांत भक्कम आहे. साधे क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम घेतले की तीन-चार आठवड्यांत स्नायूंतील साठा भरतो; सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅम घेण्याची पद्धत आहे, पण तिने साठा लवकर भरतो, जास्त भरत नाही. काट्यावर किलोभर वजन वाढलेले दिसले, तर ते बहुतांशी पाणी समजावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ट्रेनरला मात्र डब्यांऐवजी एक विचारा : पुढील दोन महिने मी उचलतो ते वजन आणि रेप्स (एका सेटमधील आवृत्त्या) कशा वाढवायच्या? दर व्यायामाला किती किलो, किती सेट, किती रेप्स हे वहीत लिहा. महिनाभर आकडे जागचे हलले नाहीत, तर कोणतीही पावडर ते हलवणार नाही. आधी झोप आणि जेवण तपासावे लागेल.

प्रश्न : क्रिएटिन सुरू केल्यानंतर रक्त तपासले, तर क्रिएटिनिन १.१ वरून १.३ झाले. मूत्रपिंड बिघडले का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. क्रिएटिनिन हा मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, म्हणून त्यावरून मूत्रपिंडाचे काम जोखतात. पण शरीरात क्रिएटिनचेच क्रिएटिनिन होते, त्यामुळे पावडर घेणाऱ्याच्या रक्तात ते थोडे वाढलेले दिसू शकते. आदल्या दिवशीच्या जड व्यायामानेही आकडा चढतो. डॉक्टरांना पावडरविषयी न लपवता सांगा. मूत्रपिंडाचे काम जोखणाऱ्या सिस्टॅटिन सी या दुसऱ्या चाचणीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही, त्यामुळे शंका उरल्यास ते ती करायला सांगतील. तोवर डबा बंद ठेवावा.