वाचक विचारतात : समुद्रावरून न परतलेली विमानं

बंगालच्या उपसागराच्या तळाशी सापडलेल्या हवाई दलाच्या एएन-३२ विमानाबद्दल मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर बरीच पत्रं आली. मी १९७४ साली नौदलात भरती झालो. पंधरा वर्षं विमानांवर मेकॅनिक म्हणून काढली, त्यातली बरीचशी गोव्याला, हंसा तळावर. आता धानोरीत राहतो. लोहगावची विमानं रोज डोक्यावरून जातात आणि अजूनही प्रत्येक वेळी मान वर जाते. ज्या पत्रांना माहितीनिशी उत्तर देता येईल, ती इथे घेतली आहेत.

१९७१ च्या लढाईत आपल्या नौदलाचं एक विमान अरबी समुद्रावर पडलं, असं माझे वडील सांगायचे. ते कोणतं विमान? – एक वाचक, देहूरोड

वडील खरं सांगत होते. ते अलिझे जातीचं विमान. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दुसऱ्याच दिवशी, १० तारखेला, आपलं एक अलिझे समुद्रावर असताना पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडलं. विमानात तिघं होते : लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि एअरक्रूमन विजयन. तिघांपैकी कुणीही परत आलं नाही.

पुढे याच जातीच्या विमानांवर मी काम केलं, म्हणून ते आतून कसं होतं ते सांगतो. फ्रेंच बनावटीचं, पुढे एकच पंखा. पायलट आणि त्याच्या शेजारचा अधिकारी समोर तोंड करून बसत. तिसरा माणूस त्यांच्या मागे, आडवा, यंत्रांकडे तोंड करून. चाकं ज्या फुगीर कप्प्यांत मिटत, त्याच कप्प्यांत पाणबुडीचा कानोसा घेणारे सोनोबॉय, म्हणजे पाण्यावर सोडायची तरंगती यंत्रं, ठेवलेली असत. रडारचा घुमट पोटातून खाली सोडायचा. पाण्यावर तासन् तास रेंगाळावं आणि खालचा एकेक आवाज ऐकावा, यासाठीच ते विमान घडवलेलं होतं. वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं. अलिझेला पळायला जागाच नव्हती, आणि खुर्चीसकट बाहेर फेकून जीव वाचवण्याची सोयही त्यात नव्हती. मी हे विमान धूत असे, त्याचे पंख घडी करून हँगरात लावत असे, तेव्हा त्या मागच्या आडव्या खुर्चीकडे नजर गेल्याशिवाय राहत नसे. तिथे बसणाऱ्याला समोरचं आकाश दिसत नाही.

याच्या पुढचीही गोष्ट तुम्हाला कळायला हवी. दोनच दिवसांनी, १२ डिसेंबरला, कच्छच्या आखातावर आपल्या हवाई दलाच्या फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी मिग-२१ मधून पाकिस्तानचं एक स्टारफायटर पाडलं. त्याचे वैमानिक विंग कमांडर मिडलकोट विमानातून बाहेर पडले, छत्रीने समुद्रात उतरले. तेही कधी सापडले नाहीत. दोन्ही बाजूंची ती माणसं त्याच समुद्रात आहेत. तिकडच्या घरीही कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलं असेल, हे मला कधी विसरता आलेलं नाही.

आज उपग्रह आहेत, आवाजाने पाण्याखाली शोध घेणारं सोनार यंत्र आहे. मग समुद्रात पडलेलं विमान शोधायला इतकी वर्षं का लागतात? – अकरावीचा विद्यार्थी, कोथरूड

कारण आधी समुद्राचा कुठला भाग शोधायचा तेच माहीत नसतं. एक हिशेब करून बघ. विमान ताशी ३०० किलोमीटरने चाललंय असं धर. शेवटचा संदेश आला आणि त्यानंतर तासाभरात कधीतरी ते पडलं, एवढंच तुला ठाऊक आहे. मग शेवटच्या जागेभोवती ३०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढ. क्षेत्रफळ येतं सुमारे २ लाख ८३ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र, तोही पाण्याखाली. दुसऱ्या महायुद्धात गस्तीच्या विमानांना रेडिओवर शक्यतो गप्प राहावं लागे, नाहीतर शत्रूला सुगावा लागे. म्हणजे शेवटचा संदेश कधीकधी पाचपाच तासांपूर्वीचा. त्यात वाऱ्याने विमान मार्गापासून सरकतं. नॅव्हिगेटर लाटांवरचा फेस बघून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढायचा. ती रेघ त्याच्यासोबतच बुडायची.

एएन-३२ चंच घे. २२ जुलै २०१६ ला ते चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं, आत २९ माणसं. जहाजं, विमानं, पाणबुडी, सगळ्यांनी शोधलं. अवशेषांचे फोटो मिळाले ते थेट जानेवारी २०२४ मध्ये, राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखाली आपोआप चालणाऱ्या यानातून. किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटर उंच आहे. असे सुमारे अडीच सिंहगड एकावर एक रचले तर तेवढी खोली होईल. आणि हे शांततेच्या काळातलं विमान, निघाल्याची वेळ मिनिटासकट नोंदलेली.

बर्म्युडा त्रिकोणात युद्धाची पाच विमानं गायब झाली म्हणतात, ते खरं का? – वाचक, चिंचवड

ती विमानं ५ डिसेंबर १९४५ ला गेली, युद्ध संपल्यावर, सरावाच्या उड्डाणात. अमेरिकी नौदलाची पाच अ‍ॅव्हेंजर विमानं, चौदा माणसं. म्होरक्याचे होकायंत्र बिघडल्याचे संदेश नोंदलेले आहेत. आपण कुठे आहोत याचा त्याचा अंदाज चुकला, अंधार पडला आणि इंधन संपत आलं. त्यांना शोधायला गेलेलं तेरा जणांचं विमानही परतलं नाही. सत्तावीस घरांचं दुःख आहे ते. त्याची भुताखेतांची गोष्ट करू नये.

माझी मुलगी विचारते, समुद्रात पडलेल्या वैमानिकांना मदत कशी मागता यायची? – एक आई, सदाशिव पेठ

मुलीला विंकीची गोष्ट सांगा. विंकी म्हणजे एक कबुतरीण. रेडिओने दगा दिला तर निरोप पाठवता यावा म्हणून ब्रिटिश बॉम्बर विमानांत टपाली कबुतरं असत. फेब्रुवारी १९४२ मध्ये नॉर्वेहून परतणारं एक बोफोर्ट विमान उत्तर समुद्रात पडलं. चौघं जण थंडगार पाण्यावर, रबरी होडीत. ठावठिकाणा कुणालाच कळवता आला नव्हता. विंकी तेलाने माखलेली, पायाला चिठ्ठी नाही, तरी ती सुमारे १२० मैल उडून स्कॉटलंडमधल्या डंडीजवळच्या आपल्या खुराड्यात पोचली.

खरी हुशारी त्यापुढची. विमान पडल्याची वेळ, कबुतर पोचल्याची वेळ, वारा कुठून होता, आणि तेलाने जड झालेल्या पंखांनी तिचा वेग किती कमी झाला असेल, एवढ्यावरून लोकांनी होडीची जागा काढली आणि चौघांना जिवंत उचललं. अकरावीच्या मुलालाही मी हेच सांगेन : शेवटची जागा कळली की माणूस सापडतो. विंकीला पुढच्या वर्षी पदक मिळालं.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ हवाई दलात होता. १९४२ च्या दिवाळीनंतर तार आली : बंगालच्या उपसागरावर गस्तीला गेले, बेपत्ता. आजीने पुढे मरेपर्यंत दर भाऊबीजेला पाट मांडला आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. भाऊ नसला तर चंद्राला ओवाळायचं असतं, पण तिने चंद्राला कधी ओवाळलं नाही. नातलग तिला वेडी म्हणत. मी खडकीच्या युद्धस्मशानात जाऊन नाव शोधलं, मिळालं नाही. त्यांची कुठे नोंदच नाही का? आणि आजीची आशा खोटी होती का? – एक वाचक, सहकारनगर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आजी वेड्या नव्हत्या. त्याच वर्षी, ४ एप्रिल १९४२ ला, श्रीलंकेच्या दक्षिणेला गस्तीवर असलेल्या एका कॅटलिना विमानाला जपानी आरमार दिसलं. कॅनडाचे लिओनार्ड बर्चल त्याचे कप्तान. आरमाराची बातमी ते रेडिओवर देत असतानाच जपानी विमानांनी त्यांना पाडलं आणि संदेश मध्येच तुटला. नऊ जणांतले तीन गेले. सहा जणांना जपानी जहाजाने पाण्यातून उचलून कैदी केलं. बर्चल युद्ध संपेपर्यंत जपानच्या छावण्यांत होते आणि नंतर मायदेशी परतले. २००४ पर्यंत जगले. समुद्रावर बेपत्ता झालेला माणूस घरी येऊ शकतो, हे १९४२ साली खरंच घडत होतं. आजींना तेव्हा जे माहीत होतं, त्यावरून पाट मांडणं बरोबरच होतं. १९४५ मध्ये छावण्या उघडल्या, कैदी परतले, तेव्हा मात्र आशेला आधार उरला नाही. त्यानंतरचा पाट आशेचा नव्हता असं मला वाटतं. तो भावाचा पाट होता, आणि चंद्राला ओवाळणं म्हणजे तो काढून घेणं. घरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं वाईट वाटतं.

आता नोंदीचं. खडकीला, मुळा रोडवरच्या त्या स्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत. ज्यांचा देह मिळाला आणि पुरला, ती माणसं तिथे आहेत. ज्यांचा देहच मिळाला नाही, त्यांची नावं वेगळ्या ठिकाणी कोरलेली असतात. दक्षिण आणि पूर्व आशियात आणि भोवतालच्या समुद्रांवर गेलेले आणि कबर नसलेले हवाई सैनिक सिंगापूरला क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. सैन्यातले आणि हवाई दलातले मिळून चोवीस हजारांवर नावं. उंच खांबांवर दोन्ही बाजूंनी कोरलेली, आणि वर विमानाच्या पंखासारखं छत.

त्यासाठी सिंगापूरला जावं लागणार नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर आडनाव घालून फुकट शोधता येतं. फक्त आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं तेव्हाच्या कारकुनांनी कानाला वाटली तशी लिहिली आहेत, तेव्हा चारपाच तऱ्हेने घालून बघा. आडनावाने नाही जमलं तर तारखेने शोधा. नाव सापडलं तर पुढे ‘यांचा मुलगा, गाव पुणे’ अशीही ओळ कधी असते.

विमान कोणतं, सोबत कोण होतं, किती वाजता निघालं, हे लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळू शकतं. प्रत्येक स्क्वाड्रनची रोजची नोंदवही तिथे ‘एअर २७’ या क्रमांकाखाली ठेवली आहे. १९४२ मध्ये कलकत्त्याच्या डमडमहून ३५३ स्क्वाड्रनची हडसन विमानं बंगालच्या उपसागरावर गस्त घालत होती. तुमच्या पणजोबांना आलेली पत्रं कलकत्त्याच्या शिक्क्याची असतील, तर मी पहिली ती वही उघडेन. अशा वहीत त्या दिवसाची एखादीच ओळ असते, पण त्यात निघाल्याची वेळ असते आणि उतरल्याच्या रकान्यात ‘परतले नाहीत’.

एक काम आजच करा. गणवेशातला त्यांचा फोटो चौकटीतून अलगद काढून मागची बाजू बघा. सेवा क्रमांक तिथे लिहिलेला असण्याची शक्यता बरीच असते, किंवा जुन्या लिफाफ्यावर नावाच्या आधी असतो. तार लॅमिनेट करू नका, उन्हात ठेवू नका, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ती कोऱ्या कागदात घडी न घालता ठेवा. क्रमांक मिळाला की संपादकांकडे पाठवा. क्यूला जायचं पत्र मी लिहून देतो, आणि आजींचं नाव त्यात बहीण म्हणून घालतो.