शब्बाथशाळेत (चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात) नव्याने शिकवताय? आधी ऐका

मुलांपुढे उभं राहू नका, सतरंजीवर त्यांच्यात बसा. गोष्ट १० मिनिटांत संपवा, "यात तुला काय खटकलं?" असं विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. नवे शिक्षक घाईने स्वतःच उत्तर देतात. मग मुलं अपेक्षित तेवढंच बोलतात. चुकीचं वाटलं तरी लगेच दुरुस्त करू नका, "असं का वाटलं?" विचारा. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देव हाक मारतोय हे त्याला सांभाळणाऱ्या याजक एलीलाही तिसऱ्या खेपेलाच उमगलं! प्रार्थना मुलांच्या शब्दांत होऊ द्या, आजारी मांजरासाठी असली तरी.

कुणी नकोशा स्पर्शाबद्दल सांगितलं, तर गुपित ठेवण्याचं वचन कधीही देऊ नका. खोदून विचारू नका, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, नुसतं पाळकांना सांगून भागत नाही. मदतीसाठी बालकांची हेल्पलाइन १०९८.